कडधान्याला घाई चालत नाही

पोरांनो, कराडच्या काळ्या रानात आता ऊस आणि सोयाबीनच जास्त दिसतं. घेवडा, पावटा, चवळी बांधापुरती उरली. पण घरातल्या ताटाला ताकद त्यांचीच आहे. पेरण्यापासून शिजवण्यापर्यंत माझं एकच सांगणं: सबुरी धरा.

पेरताना. मृगाची पहिली सर आली की लगेच पेरायला धावू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, वापसा येऊ द्या. घरचं सोयाबीन बियाणं असेल तर आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. ७० उगवले तर एकरी ३० किलो पुरेल. त्याहून थोडे कमी उगवले तर प्रत्येक दाण्यामागे अर्धा किलो वाढवा, फारच कमी उगवले तर बियाणं बदला. दाणा तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल गाडू नका. सोयाबीनचं साल फार पातळ असतं, म्हणून बियाण्याचं पोतं उंचावरून आपटू नका. वाण निवडताना शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचा 'फुले संगम' पाहून घ्या.

मुळं बघा. पेरण्याआधी बियाण्याला रायझोबियम चोळा आणि सावलीत सुकवा. पीक महिन्याचं झालं की सोयाबीनचं किंवा चवळीचं एक रोप उपटा आणि मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी निघाली म्हणजे हवेतला नत्र जमिनीत येतोय. वाघ्या घेवड्याच्या मुळांवर मात्र अशा गाठी नीट धरत नाहीत. त्याला शेणखत आणि नत्राचा हप्ता द्यावाच लागतो. शेजारच्या कोरेगावच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. त्याला निचऱ्याची जमीन मानवते. नदीकाठच्या चोपण रानात पाणी साचलं तर मुळं कुजतात.

तोडताना. श्रावणघेवडा आणि चवळी कोवळी असतानाच, दोन-तीन दिवसांआड तोडा. शेंगा वेलावर जून होऊ दिल्या की झाड फुलं धरणं कमी करतं. एका हातानं फांदी धरून शेंग तोडा, हिसका मारू नका. पावट्याला दिवस लहान झाल्याशिवाय बहर येत नाही. पावसाळ्यात नुसता पाला दिसला म्हणून तो उपटू नका.

काढताना. वाळवायचा घेवडा शेंगा पिवळ्या पडल्या की पहाटेच्या दवात उपटा. उन्हं चढली की शेंगा तडकतात आणि दाणे रानातच सांडतात. सोयाबीन बियाण्यासाठी ठेवायचं असेल तर मळणीयंत्राचे फेरे कमी ठेवा, नाहीतर दाणा फुटतो.

साठवताना. भुंगेरा कितीदा तरी रानातूनच शेंगेवर अंडी घालून घरात येतो. म्हणून धान्य कडक वाळवा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरलं तर आत घाम धरतो. घरच्या खाण्यापुरत्या मुगाला, चवळीला थोडं एरंडेल चोळा.

शिजवताना. घेवडा रात्रभर भिजवा, ते पाणी ओता आणि नव्या पाण्यात खळखळून उकळून मऊ शिजवा. कच्च्या-अर्धकच्च्या दाण्यातल्या विषारी घटकानं उलट्या-जुलाब होतात. मंद आचेवर कोमट ठेवून ते जात नाही. सोयाबीनही कच्चं खाऊ नका, कच्च्या दाण्यातले घटक प्रथिनं पचू देत नाहीत. ते उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवून, वाळवून, किलोभर गव्हात शंभर ग्रॅम घालून दळून आणा.

सोयाबीनच्या शंभर ग्रॅम दाण्यात जवळपास ४० ग्रॅम प्रथिनं असतात, वाळलेल्या घेवड्यात वीसेक. ज्वारीच्या भाकरीत लायसीन कमी पडतं, ते कडधान्यात भरपूर असतं. कडधान्यात मेथिओनिन कमी असतं, ते भाकरी देते. म्हणून पावट्याची आमटी भाकरीबरोबरच खा, वर लिंबू पिळा. लिंबानं दाण्यातलं लोह अंगी लागतं. मटकी, हुलगे मोड आणून खा, पचायला सोपे जातात.

शेवटचं सांगतो. आपण शेंगा पिकवतो, सगळा माल बाजारात नेतो आणि घरात लेकराला बिस्किटाचा पुडा देतो. हे थांबवा. मळणी झाली की व्यापाऱ्याला दर विचारायच्या आधी वर्षाचं घरचं कडधान्य मोजून बाजूला काढा. मग उरलेलं विका.