संगणकावरील खेळ आणि शिक्षण

विद्यार्थिमित्रहो, 'खेळाच्या वेळीं खेळ आणि अभ्यासाच्या वेळीं अभ्यास' हा उपदेश तुम्ही लहानपणापासून ऐकत आलां आहां, आणि तो करणारांमध्यें प्रस्तुत लेखकाचीही गणना होते. असें असतां गेल्या वर्षीं आमच्या संगणक-वर्गांत मीं मुलांना खेळ खेळूं दिले. ही वार्ता घरोघर पोंचावयास वेळ लागला नाहीं. एक पालक दुसऱ्याच दिवशीं शाळेंत आले आणि म्हणाले, "मास्तर, घरीं मी पोराच्या हातून फोन काढून घेतों, आणि तुम्ही शाळेंत त्याला खेळ देतां. मग मी घरीं कोणत्या तोंडानें बोलूं ?" प्रश्न अगदीं रास्त होता. त्याचें उत्तर त्या दिवशीं मला देतां आलें नाहीं. तें देण्याचा हा प्रयत्न आहे.

खेळांतून शिकविण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. जुन्या मोक्षपटाच्या खेळांत प्रत्येक शिडी एखाद्या सद्गुणाची व प्रत्येक साप एखाद्या दुर्गुणाचा असे. तोच खेळ आज आपण सापशिडी म्हणून खेळतों. घरांवरील नांवें केव्हांच पुसलीं गेलीं; उरला तो केवळ फांसा. तरीही खेळ पूर्वीइतकाच रंगतो ! यांतून एक कसोटी हातीं येते. एखाद्या खेळांतील धडा काढून घेतला तरी खेळ जशाचा तसा उरत असेल, तर तो धडा खेळाला वरून चिकटविलेला आहे असें समजावें. धडा काढतांच खेळही मोडत असेल, तर मात्र तो खेळ खरोखर शिकविणारा होय.

ही कसोटी मला प्रथम सुचली नव्हती. ती मीं चुकून शिकलों. आरंभीं मीं वर्गाला गणिताचा एक खेळ दिला. पडद्यावर गुणाकाराचें उदाहरण येई, खालीं चार उत्तरें दिसत. बरोबर उत्तर निवडलें कीं शत्रूचें विमान कोसळे. वर्गांत आनंदीआनंद झाला, आणि पाढे आतां पाठ झालेच असें मला वाटलें. पंधरा दिवसांनीं तींच उदाहरणें मीं फळ्यावर घातलीं, तेव्हां खेळांत सर्वांत अधिक गुण मिळविणारा मुलगा खालीं मान घालून बसला. मीं त्याला तोच खेळ पुन्हां खेळून दाखविण्यास सांगितलें. तो उदाहरण वाचीतच नव्हता ! चारही उत्तरें तो भराभर निवडी. चुकीला दंड नसल्यामुळें चौथ्या खेपेस तरी विमान पडेच. दोष त्याचा नव्हता. तो खेळ उत्तम खेळत होता. पण तो खेळ गुणाकाराचा नसून विमानें पाडण्याचा होता.

यानंतर मीं एका जुन्या आणि नांवाजलेल्या खेळाकडे वळलों. त्याचें नांव 'ऑरेगॉनची वाट'. त्याचा इतिहास प्रत्येक शिक्षकानें जाणून घ्यावा असा आहे. इ. स. १८४० नंतरच्या काळांत अमेरिकेच्या मध्यभागांतील मिसूरी राज्यांतून पश्चिमेकडील ऑरेगॉन प्रांताकडे हजारों कुटुंबें बैलगाड्या घेऊन निघालीं. वाट सुमारें दोन हजार मैलांची, आणि ती संपावयास कित्येक महिने लागत. वाटेंत पटकीनें व अपघातांनीं अनेकांचे प्राण गेले. इ. स. १९७१ मध्यें डॉन रॉविच नांवाचा एक तरुण विद्यार्थि-शिक्षक मिनिआपोलिस शहरांत आठवीच्या वर्गाला हा इतिहास शिकवीत होता. त्यानें प्रथम नकाशावर मांडण्याचा एक खेळ योजिला. त्याच्या बिऱ्हाडांतच राहणारे बिल हाइनमन व पॉल डिलेनबर्गर हे गणिताचे विद्यार्थि-शिक्षक. त्यांनीं हाच खेळ संगणकावर बसवूं असें सुचविलें. तिघांनीं मिळून तो सुमारें दोन आठवड्यांत सिद्ध केला, आणि ३ डिसेंबर १९७१ रोजीं तो मुलांपुढें आला.

त्या वेळीं वर्गांत पडदा असलेला संगणक नव्हता. दूरच्या संगणकाशीं जोडलेलें एक टंकलेखनयंत्र होतें. प्रश्न कागदाच्या गुंडाळीवर छापून येई व मुलें उत्तर टंकित करीत. चित्र नाहीं, रंग नाहीं, संगीत नाहीं. तरी मुलें यंत्राभोंवतीं गर्दी करीत, आणि त्यांनीं आपण होऊन कामें वांटून घेतलीं : एकानें नकाशा पाहावा, हिशेबांत हुशार असलेल्यानें पैशाचा जमाखर्च ठेवावा, आणि ज्याचीं बोटें चपळ त्यानें शिकारीच्या वेळीं शब्द टंकित करावा. पुढें रॉविच यानें खेळ संगणकांतून पुसून टाकला, परंतु त्याची छापील प्रत जपून ठेवली. इ. स. १९७४ मध्यें तो मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेंत कामास लागला. तेथें त्यानें ती प्रत पाहून सर्व खेळ पुन्हां टंकित केला. मग त्यानें त्या प्रवाशांच्या रोजनिशा वाचल्या, आणि आजार, वादळ, गाडी मोडणें इत्यादि संकटें रोजनिशांत ज्या प्रमाणांत आढळतात त्याच प्रमाणांत खेळांत यावींत अशी योजना केली. संकट मुलांना भिववावयास घातलेलें नव्हतें. तें इतिहासांतून मोजून घेतलेलें होतें. या खेळाचें खरें मर्म येथें आहे.

इ. स. १९८५ मध्यें या खेळाची सचित्र आवृत्ति निघाली, आणि तीच आम्हीं वर्गांत घेतली. तींतील इंग्रजी मजकूर मी मराठींत समजावून देत असें. आरंभीं प्रवाशाचा धंदा निवडावा लागतो. बँकवाल्याच्या हातीं १६०० डॉलर असतात, सुताराच्या ८०० आणि शेतकऱ्याच्या केवळ ४००. परंतु शेतकरी होऊन जो पोंचेल त्याला गुण तिप्पट. मग बैल, अन्न, कपडे, काडतुसें व गाडीचे सुटे भाग विकत घ्यावयाचे. निघण्याचा महिनाही आपणच ठरवावयाचा : लौकर निघालें तर बैलांना गवत नाहीं, उशिरा निघालें तर डोंगरांत बर्फ गांठतें. येथें उत्तरें चाळून भागत नाहीं. पांच माणसें, दर माणशीं रोज दोन पौंड अन्न, तर साठ दिवसांस सहाशें पौंड. हा हिशेब ज्यानें केला नाहीं त्याचें कुटुंब वाटेंत उपाशी पडतें. गणित काढून घेतलें तर गाडीच चालत नाहीं.

ज्या पालकांनीं मला जाब विचारला, त्यांच्या मुलानें पहिल्या खेपेस बहुतेक पैसा काडतुसांवर घातला. शिकार भरपूर झाली, पण गाडीपर्यंत एका वेळीं शंभर पौंडच मांस वाहून आणतां येतें. बाकीचें रानांत पडून राहिलें. पुढें एक बैल मेला आणि गाडी अडली. प्रत्येक खेळानंतर काय घेतलें, काय घडलें व कां घडलें हें वहींत लिहावयाचें, असा मीं नियम केला होता. वडील पुन्हां शाळेंत आले, तेव्हां मीं कांहीं न बोलतां ती वही त्यांच्यापुढें ठेवली. हे गृहस्थ आतां शहरांत भाजीचा धंदा करतात. पण त्यांचें निम्में आयुष्य गांवीं औतामागें गेलेलें. त्यांनीं वही वाचली आणि मुलाला विचारलें, "बैलांची एकच जोडी ? आणि एक बैल बसला तर काय करणार होतास ?" मुलगा गप्प. "वाटेंत विसावा तरी दिलास काय ?" मुलगा म्हणाला, "तशी सोय आहे, बाबा, पण दिवस फुकट जातात." तेव्हां वडील म्हणाले, "बैलाला विसावा दिलेला दिवस फुकट जात नसतो रे."

बापाचें हें ज्ञान त्या घरांत इतकीं वर्षें होतें. पण तें विचारण्याचा प्रसंग मुलाला कधीं आलाच नव्हता. पुढच्या खेपेस त्यानें बैलांच्या तीन जोड्या घेतल्या आणि ठिकठिकाणीं मुक्काम केला. गाडी ऑरेगॉनला पोंचली. पांचांपैकीं तिघें जिवंत होतीं. उरलेलीं दोघें कां गेलीं, हें त्यानें वहींत दोन पानें भरून लिहिलें. मीं शिकविलेल्या कोणत्याही धड्यावर त्यानें आजवर दोन पानें लिहिलीं नव्हतीं.

परंतु खेळ कितीही चांगला असला, तरी तो सर्व सत्य सांगत नाहीं. आमच्या वर्गांतील एका मुलीनें विचारलें, "हे लोक ज्या जमिनीवर राहावयास निघाले, ती आधीं कोणाची होती ?" ती तेथील मूळ रहिवाशांची होती, आणि या वाटेनें आलेल्या वस्तीपायीं त्यांना आपली भूमि गमवावी लागली. या खेळांत नजर आहे ती गाडींत बसलेल्याची. दुसरी बाजू दाखविणारा खेळही आतां झाला आहे. इ. स. २०१९ मध्यें मूळ रहिवासी लेखकांनीं 'नद्या ज्या काळीं वाटा होत्या' अशा अर्थाच्या नांवाचा खेळ रचिला. त्यांत अनिशिनाबे जमातीचें एक माणूस आपल्या भूमींतून हुसकलें जाऊन मिनेसोटापासून कॅलिफोर्नियापर्यंत प्रवास करतें. त्या मुलीचा प्रश्न यंत्रानें विचारला नव्हता. तो वर्गांत, माणसांच्या बोलण्यांतून निघाला. म्हणून खेळ संपल्यावर पडदा बंद करून बोलावयास बसणें हा पाठाचा खरा भाग आहे, असें मी मानतों.

पालकहो, आतां तुमच्या प्रश्नाचें उत्तर. मुलाच्या हातीं खेळ दिसला, तर तो हिसकावून घेण्यापूर्वीं त्याला तीन गोष्टी विचारा : येथें तूं काय ठरवितोस ? चुकलास तर काय होतें ? आणि तें कां होतें ? मुलगा तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें देऊं शकला, तर थोडा वेळ त्याच्या शेजारीं बसा. कदाचित् तुम्हांलाही त्याला कांहीं सांगतां येईल. उत्तर देतां आलें नाहीं, तर तो खेळ नुसता फांसा आहे. करमणूक म्हणून त्याला घटकाभर जागा द्या, अधिक नको.

मित्रहो, तुम्हांलाही हेंच सांगणें आहे. ते पालक त्या दिवशीं निघतांना म्हणाले, "फोन मात्र मी घरीं देणार नाहीं." मीं त्यांस रुकार दिला. पण वही त्यांनीं दोन दिवसांसाठीं घरीं नेली, आणि परत आली तेव्हां शेवटच्या पानावर बैलांच्या चाऱ्याचा हिशेब दोन निरनिराळ्या अक्षरांत लिहिलेला होता.