सापाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत का?

प्रश्न : माजलगावजवळ आमची शेती आहे. मे महिन्यात बांधाकडेची उंदरांची बिळं उकरताना पांढरी, मऊ सालीची पंधरा-सोळा अंडी निघाली. काही एकमेकांना चिकटलेली आहेत. नागाची असावीत, असं जाणकार म्हणतात. आजी म्हणते, ‘मारू नका, खुडूक कोंबडीखाली ठेवा.’ सध्या ती पत्र्याच्या खोलीत घमेल्यात आहेत. दुपारी खोली भट्टीसारखी तापते, पहाटे गार होते. एवढ्या चढउतारात पिल्लं जगतील का?
– एक वाचक, माजलगाव

उत्तर : ‘मारू नका’ हे आजींचं सांगणं लाखमोलाचं आहे. कोंबडीचा उपाय मात्र अंड्यांच्या जिवावर बेतेल. कोंबडीच्या पोटाखाली जवळपास 38 अंश सेल्सिअस ऊब असते. तिच्या पिल्लाला 21 दिवस तेवढीच लागते. नागाच्या अंड्याला 28 ते 30 अंश पुरतात. शिवाय कोंबडी अंडी सतत फिरवते. सापाच्या अंड्यात मात्र गर्भ वरच्या बाजूला सालीलगत चिकटून वाढतो. अंडं उलटं झालं, तर तो दगावू शकतो.

आता चढउताराबद्दल. पहाटेचा गारवा अंड्याला सहसा मारत नाही. गर्भाची वाढ तेवढ्यापुरती मंदावते आणि पिल्लं काही दिवस उशिरा बाहेर येतात. खरा धोका दुपारच्या उष्णतेचा आहे. पारा पस्तिशीच्या पुढे टिकून राहिला, तर पिल्लाचा कणा वाकडा होतो किंवा गर्भ आतच मरतो. मऊ सालीतून पाणीही उडून जातं आणि अंडं पिचकतं. त्यामुळे पहाटेच्या गारव्याची चिंता करू नका; काळजी पत्र्याची करा. मगरीच्या अंड्यात नर होणार की मादी, हे उबेवर ठरतं. सापात तसं नसतं, ते आधीच ठरलेलं असतं.

मग बाहेर 42 अंश असताना नागिणीची अंडी तगतात कशी? याचं उत्तर जमिनीत आहे. वरची काळी माती दुपारी पाय भाजते, पण हातभर खोल गेलात तर दिवस आणि रात्र यांतला फरक जवळजवळ उरत नाही. तिथली ओलही लवकर सुकत नाही. नागीण उंदराचं बीळ किंवा वारूळ निवडते, ते यासाठीच. अजगराची मादी तर अंड्यांभोवती वेटोळं घालून स्नायू थरथरवते आणि अंगाची ऊब वाढवते. बाकीच्या बहुतेक सापांची सारी भिस्त जागेवर असते. घोणस आणि फुरसं अंडी बाहेर घालतच नाहीत, थेट पिल्लांना जन्म देतात.

आता करायचं ते असं. आधी वन विभागाला 1926 या क्रमांकावर कळवा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सापाची अंडीही येतात. ती घरी उबवणं किंवा फोडणं दोन्ही गुन्हा आहे. आपल्याच जिल्ह्यात तागडगावला ‘सर्पराज्ञी’ हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे. माणसं येईपर्यंत घमेलं पत्र्याखालून काढून घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवा. माठाखालच्या ओल्या वाळूजवळची जागा उत्तम. नारळाचा भुसा भिजवून मुठीत दाबा. पाणी टपकणार नाही इतका ओलसर ठेवा आणि त्यात अंडी निम्मी बुडवा. चिकटलेली सोडवू नका. प्रत्येकावर वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि ती खूण वरच राहू द्या. पाणी थेट अंड्यांवर शिंपडू नका. लहान मुलांना लांब ठेवा.

आणखी एक, फार महत्त्वाचं. नागीण बहुधा अंड्यांजवळ राहते. त्या बांधावर आता हात घालू नका, रात्री बॅटरीशिवाय फिरू नका. नागाची अंडी साधारण दोन महिन्यांत फुटतात आणि पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारी असतं.

पुढच्या वेळी बांध उकरताना अशी अंडी दिसली, तर माती अलगद परत लोटा आणि तेवढा तुकडा पावसाळ्यापर्यंत तसाच सोडा. तुमच्या उसातले उंदीर धरणारा जीव त्याच मातीत वाढतो आहे. त्याच्यासाठी मातीइतकी भरवशाची ऊब आपल्याकडे नाही.