इंटरव्ह्यूचा अभ्यास : बायनरी सर्च आणि आनंदनगरचं पॅनेल

कॅम्पसचा सीझन जवळ आला की हॉस्टेलचं वातावरणच बदलतं. ज्या रूममध्ये कॅरम चालायचा तिथे रात्री दोनपर्यंत अ‍ॅप्टिट्यूडची पुस्तकं उघडी दिसतात, आणि इस्त्रीवाल्याकडे फॉर्मल शर्टांची रांग लागते. मित्रांनो, लेखी परीक्षेची तयारी आपण सगळेच मन लावून करतो. टेक्निकल राऊंडच्या तयारीचं मात्र तसं होत नाही. व्याख्या पाठ झाल्या की अभ्यास झाला, असं आपण धरून चालतो. यंदा मी आणि माझ्या मित्रमैत्रिणींनी दिलेल्या इंटरव्ह्यूंवरून या राऊंडचा अभ्यास कसा करावा, ते इथे मांडतो.

ओरल आणि इंटरव्ह्यू यातला फरक

ओरलला एक्स्टर्नल विचारतात, "बायनरी सर्च म्हणजे काय?" आपण व्याख्या सांगतो, ते मान डोलावतात, पुढचा रोल नंबर. इंटरव्ह्यूत खरा प्रश्न व्याख्येनंतर सुरू होतो. "का?", "हे नसेल तर?", "डेटा दहापट झाला तर?" समोरच्याला आपल्या डोक्यात काय चाललंय ते बघायचं असतं. आपण गप्प बसून विचार केला, तर त्याला काहीच दिसत नाही.

माझा पहिला टेक्निकल राऊंड ऐरोलीला होता. सुरुवात बायनरी सर्चनेच झाली. व्याख्या सांगितल्यावर सर म्हणाले, "कॉम्प्युटर न शिकलेल्या माणसाला समजावून सांगा. हिंदी, मराठी, काहीही चालेल."

मी अंबरनाथचा. आमच्या आनंदनगर एमआयडीसीत बाबा एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. मशीन बंद पडलं की कंट्रोल पॅनेलमधला फॉल्ट ते कसा शोधतात, तेच मी सांगितलं. समजा, ६४ जोड एकामागोमाग एक सिरीजमध्ये आहेत आणि त्यातला एक तुटलाय. बाबा पहिल्यापासून एकेक तपासत बसत नाहीत. बरोबर मधोमध मीटर लावतात. तिथपर्यंत सप्लाय येत असेल तर फॉल्ट पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. ६४ चे ३२, मग १६, ८, ४, २, १. सहा वेळा मीटर लावलं की फॉल्ट सापडला! याच हिशेबाने दहा लाख नावांच्या यादीतून एक नाव शोधायला जास्तीत जास्त २० तुलना पुरतात, कारण २ चा विसावा घात दहा लाखांहून मोठा आहे.

लगेच पुढचा प्रश्न आला, "पॅनेलमध्ये सॉर्टिंग कुठे आहे?" मी मोठ्याने विचार करत गेलो. फॉल्टच्या अलीकडे सगळीकडे सप्लाय 'आहे', पलीकडे सगळीकडे 'नाही'. हाच तो क्रम. दोन जोड तुटले तर मात्र या पद्धतीने त्यातला पहिलाच सापडेल. म्हणजे एका तपासणीत अर्धा भाग खात्रीने बाद करता आला पाहिजे, ही या पद्धतीची खरी अट. सॉर्ट केलेल्या यादीत ती आपोआप पाळली जाते.

'माहीत नाही'च्या पुढे

माझ्या रूममेटला दुसऱ्या कंपनीत विचारलं, "मधला इंडेक्स काढताना लो अधिक हाय भागिले दोन करतो, त्यात धोका कोणता?" त्याला उत्तर माहीत नव्हतं. पण तो म्हणाला, "सर, लहान आकडे घेऊन बघू का?" कागदावर त्याने ८ बिटचा साइन्ड आकडा घेतला. त्यात जास्तीत जास्त १२७ मावतात. लो १०० आणि हाय १२० धरले, तर दोन्ही मर्यादेत. बेरीज २२०, ती मावतच नाही! मग त्यानेच उपाय सुचवला : हायमधून लो वजा करा, त्याच्या निम्मे लोमध्ये मिळवा.

हा प्रश्न उगाच अडवण्यासाठी काढलेला नाही. जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये नेमकी हीच चूक सुमारे नऊ वर्षं होती. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ साली ती जाहीरपणे मांडली. ३२ बिटच्या इन्टमध्ये २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच आकडे मावतात, त्यामुळे अ‍ॅरे १०७ कोटींच्या पुढे गेल्याशिवाय ती दिसत नव्हती. जॉन बेंटली यांच्या 'प्रोग्रामिंग पर्ल्स' या नावाजलेल्या पुस्तकातही तीच चूक होती. एवढ्या मोठ्या लोकांच्या नजरेतून जे सुटलं, ते आपल्याला पाठ असावं अशी कोणाचीच अपेक्षा नसते. आपण त्याच्यापर्यंत कसे पोचतो, ते मात्र बघितलं जातं.

कोड्यांमागे रात्र घालवणाऱ्यांसाठी अजून एक माहिती. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ला सांगितलं होतं की, इंटरव्ह्यूत कोडी घालणं म्हणजे निव्वळ वेळ वाया घालवणं.

मराठी मीडियमवाल्यांसाठी

इंग्रजीची भीती खरी आहे. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतो. पण डोक्यात गोंधळ असेल तर फाडफाड इंग्रजी कामाला येत नाही, आणि विचार स्वच्छ असेल तर साधी, छोटी वाक्यं पुरतात. म्हणून आधी विषय मराठीत समजावून सांगता येतो का ते बघा, मग तेच इंग्रजीत बोला.

आम्ही केलेला अभ्यास असा :

१. रोज जेवणानंतर दोघांनी अर्धा तास बसायचं. एकाने समजावायचं, दुसऱ्याने प्रत्येक उत्तरावर तीनदा "का?" विचारायचं.

२. कोड कागदावर लिहायचा. रिकामा अ‍ॅरे, एकच आकडा आणि न सापडणारा आकडा, या तिन्ही वेळी तो हाताने चालवून बघायचा.

३. प्रोजेक्टमधला आपण स्वतः केलेला भाग दोन मिनिटांत सांगायचा. ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या कामावर बोलायला गेलं की तिसऱ्या प्रश्नाला माणूस उघडा पडतो.

४. "माहीत नाही" स्पष्ट म्हणायचं, आणि लगेच "असं करून बघू का?" जोडायचं.

आमच्या सर-मॅडमना एक विनंती. ओरलला व्याख्येनंतर एक "का?" जरूर विचारा. सुरुवातीला आम्ही अडखळू, पण कंपनीत अडखळण्यापेक्षा इथे अडखळलेलं परवडलं!

निकालाचं म्हणाल, तर रूममेटची निवड झाली. ऐरोलीच्या यादीत माझं नाव आलं नाही. त्यानंतरच्या दुसऱ्या कंपनीत आलं. तिथेही पॅनेलचा किस्सा सांगितला. बाबांना हे कळल्यावर ते म्हणाले, "अरे, याला नाव पण आहे होय?"

तुमच्याही घरी असं काहीतरी सापडेल. कोणाच्या घरी दुकान असेल, कोणाच्या घरी शेती. शोधा, आणि बोलून बघा. ऑल द बेस्ट!