फोटोला फिल्मचा रंग देताना

लेकरा, शिखांच्या होला मोहल्ल्यातले आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतले तुझे फोटो पाहिले. आता त्यांना जुन्या फिल्मचा रंग चढवायची घाई झालीय ना? चढव की. पण त्याआधी एवढं ऐकून घे.

१. मूळ फोटोची प्रत बाजूला ठेव, मगच एडिटिंगला हात लाव — ज्यानं मूळ जपलं, त्याला पुन्हा करता आलं.

२. उजेड आणि व्हाइट बॅलन्स आधी नीट कर, प्रीसेट, म्हणजे फिल्मच्या रंगाचा तयार साचा, नंतर लाव — तोच प्रीसेट गुरुद्वाऱ्याच्या पांढऱ्या संगमरवरावर एक दिसतो, रात्रीच्या पिवळ्या दिव्यांत भलताच.

३. प्रीसेट कुठल्या फिल्मचा आहे ते बघून घे — १९३५ पासून २००९ पर्यंत निघालेल्या कोडाक्रोमचा लाल भरदार असे. वेल्व्हिया फिल्म रानाला खुलते, पण चेहरे लालबुंद करते.

४. माळेगावात भंडारा उधळलेला असेल तर सॅच्युरेशन वाढवू नकोस, पिवळ्याचा उजेड थोडा उतरव — नाहीतर उडणारा कण न् कण जाऊन नुसता पिवळा डाग उरतो.

५. ब्लॅक अँड व्हाइट करताना नुसता रंग काढून टाकू नकोस, एकेक रंग वेगळा सरकव — केशरी पगडी आणि होला मोहल्ल्यातल्या निहंग शिखांची निळी पगडी एकाच करड्यात मिसळू शकतात. नारिंगी वर, निळा खाली घेतलास की दोन्ही उठून दिसतात.

६. मात्र नारिंगी वर नेताना चेहऱ्यांवर नजर ठेव — आपली कातडी त्याच रंगात मोडते, आणि सावळा माणूस उगाच गोरा होतो. रंग बदलावा, माणूस बदलू नये.

७. खरोशाच्या लेण्यांचे फोटो असतील तर त्यांत कॉन्ट्रास्ट बेताने वाढव — सावल्या पार काळ्या केल्यास तर मूर्तीचे नाक-डोळे त्यातच बुडतात.

८. ग्रेन, म्हणजे फिल्मचे कण, सगळ्यात शेवटी, फोटोचा आकार ठरल्यावर टाक; व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव — फोटो लहान झाला किंवा दाबला गेला की कण आधी पुसले जातात.

९. काम झालं की रात्रभर तसंच ठेव आणि सकाळी पुन्हा बघ — डोळा भडक रंगाला लवकर सरावतो. लग्नाचा अल्बम असेल तर लॅबमधून आधी एकच प्रिंट काढून आण.

१०. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या वेळचे फोटो घरात सापडले तर स्कॅन कर, पण वरून पिवळेपणा, ओरखडे चढवू नकोस. गाव, तारीख, माणसांची नावं मात्र विचारून लिहून ठेव — सांगणारे आहेत तोवरच ती मिळतील. ज्याला खरं वय आहे, त्याला उसनं वय कशाला?