तूर विकण्यापूर्वी घरची डाळ राखा

नांदेड व लातूर जिल्ह्यांत ज्वारी आणि तूर ही दोन्ही पिके शेतकऱ्यांच्या घरचीच असतात. परंतु सर्व तूर बाजारात गेली, तर ताटात नुसती भाकरी व ठेचा उरतो. वाढत्या मुलांना तो आहार पुरत नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो. तुरीच्या डाळीत तो पुष्कळ असतो. म्हणून भाकरी व वरण एकाच जेवणात असावे.

भाकरीचे पीठ ताजे व न चाळलेले घ्यावे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसल्याने ते कढत पाण्यात मळावे, म्हणजे भाकरी चिरत नाही. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. वर लिंबू पिळल्यास भाजीतील लोह अधिक अंगी लागते.

वर्षाची डाळ राखूनच उरलेली तूर विकावी, हे ग्रामसेवकांनी घरोघरी समजावून सांगावे.