तिकिटावर ताट आहे, चूल कुठे?

आमच्या वरोऱ्याकडे रोडगे, पानगे, रांदणावरच्या लांब पोळ्या अशा स्वयंपाकाच्या कितीतरी रीती आहेत. त्यांतली एखादी टपाल तिकिटावर आली आहे का?
– एक निवृत्त शिक्षिका, वरोरा

बाई, आपल्या टपाल खात्याचा खाण्यावरचा मोठा संच ३ नोव्हेंबर २०१७ रोजी निघाला. एकूण २४ तिकिटं, प्रत्येक ५ रुपयांचं. प्रादेशिक, लोकप्रिय, सणावाराचे आणि नैवेद्य-प्रसादाचे असे पदार्थांचे चार गट पाडलेले. त्यात वडापाव आहे, मोदक आहे. पोहेही आहेत, पण जिलेबीच्या जोडीने, म्हणजे इंदूरच्या वळणाचे. आपल्या तर्री-पोह्यांना जागा मिळाली नाही. रोडगे, पानगे, लांब पोळ्या यांतलं काहीच नाही.

आणि जे आहे, तिथेही भर तयार पदार्थावर. तो शिजला कसा, हे पाहणाऱ्यानं ओळखायचं. चित्रकाराला तरी किती बोल लावणार? दोन बोटांच्या कागदावर राखेतला रोडगा काढला, तर लोक त्याला दगड समजतील.

तरीही या संचातून तुम्हाला हवा तो विषय उभा राहतो. खात्यानं पाडलेले गट विसरा आणि तिकिटं रीतींप्रमाणे लावा. वाफेच्या पानावर इडली आणि ढोकळा. कढईच्या पानावर वडा आणि जिलेबी. मोदक उकडीच्या पानावर घ्यायचा की तळणीच्या, हे तुमच्या घरच्या रीतीवर सोडतो. विदर्भातल्या पुष्कळ घरांत तो तळणीचाच असतो, हे प्रदर्शनात पुण्याच्या परीक्षकांना सांगायची वेळ आली तर बिनधास्त सांगा. निखाऱ्याच्या पानावर दाल-बाटी येईल. तिच्याखाली चार ओळींत रोडग्याची हकिगत लिहा: गोवऱ्या पेटवायच्या, धूर ओसरून लाल निखारा झाला की कणकेचे गोळे त्यात सोडायचे, वरून गरम राख ओढायची, भाजले की राख झटकून तुपात बुडवायचे. बाटी आणि रोडगा चुलतभाऊच. पानगाही त्याच पानावर बसेल, फक्त त्याला पळसाच्या पानांचं पांघरूण असतं. विषयवार संग्रहाची खरी मजा या मांडणीत आहे. दाल-बाटीचं तेच तिकीट दुसऱ्याच्या वहीत ‘राजस्थान’ या मथळ्याखाली असेल.

रांदणावर पोळी टाकणारा हात तिकिटावर यावा, यासाठी कुणाला लिहायचं?
– एक वाचक, भद्रावती

स्मारक तिकिटाचा प्रस्ताव कुणीही पाठवू शकतं. तो दिल्लीला डाक भवनात जातो आणि तिकीट सल्लागार समितीपुढे येतो. विषयाला राष्ट्रीय महत्त्व हवं आणि रांग लांब असते. माझं मत विचाराल तर आधी विशेष आवरणाच्या मागे लागा. ते राज्याच्या पातळीवर, टपाल परिमंडळाकडून निघतं: चित्र छापलेला लिफाफा, त्यावर चालू तिकीट आणि त्या प्रसंगापुरता कोरलेला शिक्का. खर्च प्रस्ताव देणाऱ्या संस्थेला करावा लागतो, हे आधीच समजून घ्या.

लिफाफ्यावर जागाही ऐसपैस मिळते. सैल कणीक तार सुटेपर्यंत आपटून मळायची, हातावर कोपरापर्यंत लांबवायची आणि पालथ्या तापल्या मडक्यावर, म्हणजे रांदणावर, अलगद सोडायची, हे सगळं तिथे मावेल. तुमच्या गावात तर कुंभारकामासाठी नावाजलेला ग्रामोदय संघ आहे. पोळीबरोबर मडक्याचीही गोष्ट जोडलीत, तर प्रस्तावाला वजन येईल.

‘माय स्टॅम्प’चा मार्ग सोपा वाटतो. ही योजना २०११ मध्ये आली. खात्याच्या तिकिटाला जोडून आपलं छायाचित्र छापून मिळतं. घरच्या आनंदाला उत्तम! प्रदर्शनात मात्र परीक्षक त्याला फारसा भाव देत नाहीत.

मी आठवीत आहे. स्वयंपाकाच्या रीतींवर शिष्यवृत्तीचा प्रकल्प करता येईल का?
– एक विद्यार्थी, चिमूर

जरूर कर. ‘दीनदयाळ स्पर्श’ योजना सहावी ते नववीच्या मुलांसाठी आहे. वर्षाला ६,००० रुपये मिळतात. शाळेत तिकीटसंग्रह मंडळ असेल तर त्याचा सदस्य हो, नसेल तर टपाल कार्यालयात स्वतःचं फिलाटेली ठेव खातं उघड. आधी प्रश्नमंजूषा असते, मग प्रकल्प. प्रकल्पाचे विषय खातं जाहीर करतं. त्यांतला कोणता तुझ्या चुलीजवळ जातो ते बघ. इंधनाचं पान विसरू नकोस. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या जुन्या नित्य मालिकेत सौरऊर्जा आणि पवनचक्कीबरोबर गोबरगॅसचंही तिकीट आहे. शेण तेच, गोवरीऐवजी नळीतून चुलीपर्यंत आलं, एवढंच.

कॉफीच्या तिकिटाचा वास गेला. पाण्यात भिजवून परत येईल का?
– एक गृहिणी, वणी

अजिबात भिजवू नका! २०१७ चं ते १०० रुपयांचं तिकीट असेल. त्याचा वास छपाईच्या थरात असतो, पाण्यानं उरलासुरलाही जाईल. स्वतंत्र पारदर्शक पाकिटात ठेवा आणि पाहुण्यांना घासून वास घेऊ देऊ नका. मसाल्याच्या कपाटाशेजारी तर मुळीच नको.

परदेशी स्वयंपाकाची तिकिटं स्वस्तात मिळताहेत. घ्यावीत का?
– एक वाचक, चंद्रपूर

युरोपातल्या टपाल खात्यांनी २००५ मध्ये ‘युरोपा’ मालिकेसाठी पाककला हाच विषय घेतला होता. सुरुवात तिथून करा, भरपूर निवड मिळेल. स्वस्त गठ्ठ्यांत मात्र त्या त्या देशानं कधी काढलीच नाहीत अशी बनावट तिकिटं घुसडलेली असतात. जागतिक टपाल संघानं २००२ पासून खऱ्या तिकिटांची क्रमांकासह नोंद ठेवायला सुरुवात केली. सहभागी देशांची तिकिटं त्या नोंदीत सापडतात, म्हणून आधी ती पाहा. तिथे नसेल तर छापील कॅटलॉग पाहा, आणि त्यातही नसेल तर पैसे खिशातच राहू द्या.