पहिली हीट कॅमेऱ्याविना

मँचेस्टरमधलं बेल व्ह्यू. जूनमधल्या सोमवारची संध्याकाळ, नॅशनल स्पीडवे स्टेडियमचा स्टँड. भाची पुण्याहून आलेली आणि स्पीडवे पहिल्यांदाच बघतेय. मामा इथे बरीच वर्षं फोटो काढतोय.

भाची: मामा, एवढे फोटो काढले, पण एकातही वेग दिसत नाही. बाइक नुसत्या उभ्या केल्यासारख्या वाटतायत.

मामा: बघू. १/२००० ला काढलेस ना? आणि सगळे सरळ पट्ट्यावरचे. पुढच्या चाकाच्या तारासुद्धा मोजता येतायत. मग बाइक उभीच वाटणार. ही हीट कॅमेरा गळ्यातच राहू दे. नुसती बघ. चार रायडर, चार लॅप. मिनिटभराचा तर खेळ!

(हीट संपते.)

भाची: अरे, हे ब्रेक लावतच नाहीत!

मामा: ब्रेक नसतातच. ५०० सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, त्यात मेथॅनॉल आणि गिअर एकच. वळणावर वेग आवरायचा तर मागचं चाक घसरवायचं. बाइक आडवी होते, वळण डावीकडे असूनही पुढचं चाक उजवीकडे वळलेलं असतं, आणि पोलादी तळ लावलेला डावा पाय जमिनीवर घासत पुढे जातो. हे कळलं की कुठे बघायचं ते आपोआप कळतं. फोटो वळणावर आहे गं.

भाची: वळणावर तर मला नुसती माती दिसली.

मामा: कारण तू ऐन मध्यावर उभी होतीस. मागचं चाक तो लाल भुगा बाहेर, म्हणजे आपल्याच अंगावर फेकतं. इथे त्याला शेल म्हणतात, आपल्या मुरमासारखा असतो. मैदानाच्या आत उभं राहायला पास लागतो, तो आपल्याकडे नाही. म्हणून वळण संपतं तिथे चल आणि मागे वळणाकडे बघ. शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने असते, त्यामुळे चौघेही तुझ्याकडे तोंड करून येतील. पहिल्या लॅपला ते एकमेकांच्या अगदी जवळ असतात. तो क्षण मला सगळ्यात आवडतो.

भाची: आणि तिथे शटर कमी ठेवू?

मामा: तिथे नको, १/१००० असू दे. कललेली बाइक आणि हवेतला मुरूम, वेग सांगायला तेवढं पुरतं. शटर कमी करायचं ते बाइक आडवी समोरून जाताना. १/२५० पासून सुरू कर, जमलं की १/१२५. फोकस सतत चालणारा ठेव. पाय ज्या दिशेला फोटो घ्यायचा तिकडे रोव, कमरेतून मागे वळून रायडरला पकड आणि त्याच्याबरोबर फिरत ये. बटण दाबल्यावरही थांबू नकोस, फिरतच राहा. बहुतेक जण तिथेच थांबतात आणि फोटो हलतो.

भाची: काय धारदार यायला हवं? बाइक?

मामा: हेल्मेट. घसरताना बाइक स्वतःभोवतीही फिरत असते, तेव्हा मागचं चाक पुसट येणारच. येऊ दे. डोकं स्पष्ट असलं की बघणाऱ्याला माणूस सापडतो. रंगही सोपे आहेत, घरच्या संघाचे लाल आणि निळा, पाहुण्यांचे पांढरा आणि पिवळा. सुरुवातीच्या गेटवरच एक रंग निवड आणि पूर्ण हीट त्यालाच धरून राहा. चौघांमागे धावलीस तर एकही मिळणार नाही.

भाची: ऊन उतरल्यावर?

मामा: आयएसओ ३२००, ६४०० पर्यंत बिनधास्त ने. दाणे आले तरी चालतील, हललेला चेहरा चालत नाही. फ्लॅश मात्र अजिबात नको, समोरून येणाऱ्याच्या हातात ब्रेक नाही हे विसरू नकोस.

भाची: या हीटला कोणता रंग धरू? जिंकेल तो?

मामा: जिंकणारा पुढे एकटा असतो, स्वच्छ कपड्यांत. मी नेहमी शेवटचा धरतो. पुढच्या तिघांचा मुरूम त्याच्याच अंगावर येतो. गॉगलवरची पातळ फिल्म एका हाताने फाडून टाकतो, तेवढ्यात पुन्हा काच भरते, आणि तरी दुसरा हात थ्रॉटलवरून हलत नाही. बघ, गेटची टेप वर गेली, हीट सुरू. पिवळा मागे पडलाय.

भाची: दिसला.

मामा: सोडू नकोस त्याला.